खालची ओळ ऐका: व्हिवाल्डीचा चेलो सोनाटा आणि न लिहिलेली साथ

हा भाग फोनच्या स्पीकरवर ऐकत असाल तर आधी एक काम करा. पॉज करा, हेडफोन शोधा आणि मगच परत या. इअरफोनची एकच बाजू चालत असेल तरी हरकत नाही. पण स्पीकरवर नको.

कारण सांगते. आज ज्या वाद्याबद्दल बोलायचंय त्या चेलोची सगळ्यात खालची तार सेकंदाला साधारण ६५ वेळा कंप पावते. फोनमधला तो नखाएवढा स्पीकर इतका खालचा आवाज धड काढूच शकत नाही. तरी तुम्हाला तो सूर ऐकू आल्यासारखा वाटतो, कारण त्या सुराचे वरचे उपसूर स्पीकरमधून येतात आणि त्यावरून मूळ सूर कोणता असणार हे तुमचा मेंदू जुळवून घेतो. थोडक्यात, तळमजला तुम्ही कल्पनेनं बांधता. मजेची गोष्ट अशी की आज जी रचना ऐकायचीय, तीही कागदावर बरीचशी अशीच आहे. तिचा मधला मजला लिहिलेलाच नाही. तो दर वेळी कुणीतरी जागच्या जागी बांधतं.

रचना आहे अँटोनिओ व्हिवाल्डीचा ई मायनरमधला सोनाटा, चेलो आणि बासो कॉन्टिन्युओसाठी. सर्च करायचा असेल तर 'व्हिवाल्डी आरव्ही ४०' एवढं पुरेसं आहे. कुठे कुठे तो 'ओपस १४, क्रमांक ५' असा सापडेल. तो ओपस नंबर व्हिवाल्डीनं दिलेला नाही, नंतर चिकटलेला आहे, पण चिकटला तो चिकटलाच.

(इथे पहिल्या लार्गोची सुरुवात वाजते, साधारण अर्धा मिनिट.)

ऐकलंत? आता मी विचारते, किती जण वाजवत होते?

बहुतेकांचं उत्तर येतं 'एक'. एक चेलो, मागे काहीतरी झणझण. जरा कान देऊन ऐकणारे म्हणतात दोन. मी लावलेल्या या रेकॉर्डिंगमध्ये चार जण आहेत. एक चेलो मुख्य. दुसरा चेलो खाली. एक हार्पसिकॉर्ड, म्हणजे पियानोच्या आधीचं कीबोर्ड वाद्य, ज्यात तार हातोडीनं ठोकली जात नाही, बारीक टोकानं छेडली जाते. आणि एक थिओर्बो, म्हणजे माणसाच्या उंचीला पोचेल इतक्या लांब मानेचं ल्यूट. वादक चार, पण छापील कागदावर ओळी दोनच. वरची ओळ चेलोची, खालची ओळ बासची. बस.

मग चार जण काय वाचून वाजवतायत? इथपासून खरी गंमत सुरू होते.

बासो कॉन्टिन्युओ म्हणजे शब्दशः अखंड चालणारा बास. साधारण १६०० पासून पुढची दीडशे वर्षं युरोपातलं बरंचसं संगीत या एका सोयीवर उभं राहिलं. रचनाकार दोन गोष्टी लिहितो, वरचं गाणं आणि खालचा बास. मधली जागा, म्हणजे बासच्या प्रत्येक सुरावर कोणते सूर एकत्र वाजवायचे, किती वाजवायचे, दाट की विरळ, एकदम की एकामागून एक उलगडत, हे वाजवणाऱ्यानं ठरवायचं. खुणेसाठी बासच्या ओळीवर बारीक आकडे टाकलेले असतात. कधी तेही नसतात.

आकड्यांचं गणित सोपं आहे, आपल्या सरगममध्येच सांगते. ई हा सूर आपला सा धरा. बासमध्ये नुसता सा लिहिलाय, वर आकडा नाही. मग त्या सुरापासून मोजून तिसरा आणि पाचवा सूर घ्यायचा, म्हणजे कोमल ग आणि प. आता बासमध्ये कोमल ग आहे आणि वर ६ लिहिलंय. तर ग पासून तिसरा आणि सहावा मोजा. प आला आणि वरचा सा आला. सूर तेच तीन, पण खाली उभा कोण आहे ते बदललं. आणखी एक. बासमध्ये प आहे आणि त्यावर नुसती शार्पची खूण आहे. मग तिसरा सूर चढा घ्यायचा, म्हणजे शुद्ध नी, जोडीला वरचा रे. हा शुद्ध नी आला की सा कधी येतोय असं कानाला होतं. गिटार शिकणाऱ्यांना हे ओळखीचं वाटेल. गाण्याच्या शब्दांवर कॉर्डची नावं लिहिलेली असतात आणि स्ट्रमिंग कसं करायचं ते तुमच्यावर सोडलेलं असतं, साधारण तसंच.

व्हिवाल्डी आकडे लिहायला फार उत्साही नव्हता. त्याचा एक मित्र होता, ड्रेसडेनच्या दरबारातला व्हायोलिनवादक पिझेंडेल. त्याच्यासाठी लिहिलेल्या एका व्हायोलिन कॉन्चेर्तोच्या हस्तलिखितात व्हिवाल्डीनं बासवर आकडे टाकले आहेत आणि शेजारी शेरा मारलाय की हे मूर्खांसाठी. खरं तर इटालियन शब्द 'मूर्ख'पेक्षा बराच खालच्या दर्जाचा आहे, पण आमचा पॉडकास्ट घरातले सगळे ऐकतात. मुद्दा असा, की ज्याला बास पाहून वरचे सूर सुचत नाहीत त्यानं या धंद्यात यावंच कशाला, असा त्या काळातल्या जाणत्यांचा भाव होता.

आता इथे मला थोडं आपल्याकडचं बोलायचंय, कारण हे मी पेटीवाली म्हणून ऐकते. मी गेली बरीच वर्षं हौशी गायकांना हार्मोनियमची साथ करते. साथीचा एक गुण म्हणजे गायकाच्या अर्धं पाऊल मागे राहणं. तो जागा घेतो, आपण ती ऐकून तिची सावली धरतो, तो श्वास घेतो तेव्हा भरतो. कॉन्टिन्युओबद्दल वाचायला लागले तेव्हा वाटलं, अरे, ही तर आपलीच बिरादरी. पण थोडं ऐकल्यावर फरक लक्षात आला, आणि तो मोठा आहे.

आपल्याकडे तानपुरा सा धरतो आणि मैफल संपेपर्यंत तो हलत नाही. जमीन पक्की आहे, वर गायक चालतो. इथे जमीनच चालते.

एक प्रयोग करा. घरी पेटी किंवा कीबोर्ड असेल तर प दाबून धरा. आता खाली सा द्या. प शांत वाटेल, घरी असल्यासारखा. प तसाच ठेवून खाली कोमल ग द्या. तोच प जरा उजळ होतो. आता खाली कोमल ध द्या. वरचा प हललेला नाही, तरी तो एकदम टोचायला लागतो, त्याला तिथून निघायचंय असं वाटतं. म्हणजे वरच्या सुराचा अर्थ खालचा माणूस ठरवतोय. पेटीवाल्याच्या हातात ही सत्ता कधीच नसते. ख्यालात मी गायकाचा अर्थ बदलू शकत नाही, फार तर बिघडवू शकते.

म्हणून 'साथ' हा शब्द कॉन्टिन्युओला लावताना मी जपून लावते. हा माणूस मागे बसलाय, पण दिशा त्याच्या हातात आहे. या सोनाट्याचा पहिला लार्गो ऐकताना वरच्या चेलोचा एखादा लांब सूर पकडा आणि तो चालू असताना खाली काय काय सरकतंय ते ऐका. वरचा सूर एकच असतो, त्याचा चेहरा मात्र बदलत जातो.

बरं, आता चेलोकडे येऊ. कारण या रचनेत एक जुना मामला चाललाय.

चेलो जन्मला तोच मुळी खालच्या ओळीसाठी. सोळाव्या शतकात व्हायोलिनच्या घराण्यातलं ते खर्जाचं वाद्य होतं. चर्चमध्ये, मिरवणुकीत, नाचाच्या वेळी बास धरणं हे त्याचं काम. आकारानंही थोराड. कारण तेव्हाच्या तारा नुसत्या आतड्याच्या असत, आणि आतड्याच्या तारेतून खोल आवाज काढायचा तर ती खूप लांब नाही तर खूप जाड हवी. जाड तार उशिरा बोलते, घोगरी बोलते. तिच्यावर चपळ काही वाजवणं कठीण.

मग १६६० च्या दशकात आतड्यावर बारीक धातूची तार गुंडाळायची युक्ती रुळायला लागली. वजन वाढलं पण जाडी तेवढी वाढली नाही. परिणाम काय? वाद्य लहान करता आलं, बोटं पोचायला लागली, खालची तारही स्वच्छ बोलायला लागली. इटलीतल्या बोलोन्या शहरात सान पेत्रोनियो नावाचं भलंमोठं चर्च आहे, तिथल्या वादकमंडळींनी या बदलाचा पुरेपूर फायदा घेतला. तिथलाच दोमेनिको गाब्रिएली, मृत्यू १६९०, यानं चेलो आणि बाससाठी सोनाटे लिहिले. अशा प्रकारचे जे अगदी सुरुवातीचे सोनाटे आपल्याला माहीत आहेत, त्यांत ते येतात. एका तारेच्या कारागिरीनं खालच्या वाद्याला वर यायचं दार उघडून दिलं. मला या गोष्टी भारी आवडतात. आपण सगळं श्रेय प्रतिभेला देतो आणि तार बनवणाऱ्याला विसरतो.

पण दार उघडलं म्हणजे आतल्यांनी स्वागत केलं असं नाही. फ्रान्समध्ये तेव्हा खालच्या तंतुवाद्यांमध्ये मान होता व्हिओला दा गांबाचा. सहा-सात तारांचं, पडदे असलेलं, नाजूक, दरबारी वाद्य. आणि १७४० साली ह्यूबेर ल ब्लां नावाच्या माणसानं अ‍ॅमस्टरडॅमला एक आख्खं पुस्तक छापलं, ज्याचं नावच असं की व्हिओलचा बचाव, व्हायोलिनच्या चढाईविरुद्ध आणि चेलोच्या आगाऊ दाव्यांविरुद्ध. मी गंमत करत नाहीये. त्यात त्यानं चेलोला जवळपास दरिद्री, उपाशी, दारोदार फिरणारा करून टाकलंय, जो आता थोरामोठ्यांच्या घरात शिरून यजमानाच्या खुर्चीवर बसू पाहतोय. आपल्याकडे पेटी शास्त्रीय संगीतात आली तेव्हा तिच्यावर जे ओढलं गेलं त्याची आठवण झाली मला. आकाशवाणीनं तर १९४० मध्ये हार्मोनियमवर बंदीच घातली आणि ती पुढे कित्येक वर्षं चालली. नवं वाद्य आत येतं तेव्हा भांडण सुरांबद्दल असल्यासारखं दिसतं. बऱ्याचदा ते खुर्चीबद्दल असतं.

आणि नेमक्या त्याच सुमारास, १७४० च्या आसपास, पॅरिसमध्ये व्हिवाल्डीच्या सहा चेलो सोनाट्यांचा संच छापला गेला. प्रकाशक होते ल क्लेर आणि मादाम ब्वावँ. आपला ई मायनर त्यातला पाचवा. व्हिवाल्डीला या छपाईची कितपत खबर होती याबद्दल अभ्यासकांना शंकाच आहे. या सोनाट्यांची एक हस्तलिखित प्रत पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. एकूण त्याचे नऊ चेलो सोनाटे पूर्ण स्वरूपात उरलेत. काही प्रती नेपल्समध्ये सापडल्या, काही जर्मनीत व्हीझेनथाइडला. तिथला जहागीरदार, शोएनबोर्न घराण्यातला, स्वतः चेलो वाजवायचा आणि चेलोचं मिळेल ते जमवायचा. त्या छंदिष्ट माणसाचे उपकार.

तर पॅरिसमधला चेलोवादक हा संच विकत घेतोय, आणि ल ब्लां त्याच वादकाला अंगणात उभा करतोय, असं ते वर्ष.

छापील संचावर शब्द आहेत 'चेलो सोलो, बासोसह'. सोलो म्हटल्यावर आज आपल्या डोळ्यांसमोर एकटा माणूस येतो, स्पॉटलाइट वगैरे. तेव्हाच्या भाषेत सोलो म्हणजे वर एक वाद्य आणि खाली बास. एकट्याच्या व्याख्येतच दुसरा धरलेला होता.

आता जो प्रश्न मला या रचनेत सगळ्यात जास्त छळतो, तो हा. चेलो वर गेला. मुख्य झाला. मग खाली कोण राहिलं?

दुसरा चेलो.

(इथे दुसऱ्या भागाचा, म्हणजे पहिल्या अ‍ॅलेग्रोचा तुकडा वाजतो. डावीकडच्या कानात खालचा चेलो जरा वेगळा ऐकू येतो.)

अर्थात तो असायलाच हवा असा नियम नाही. फक्त हार्पसिकॉर्ड असेल तरी चालतं, डाव्या हातानं बास, उजव्यानं भरणं. कोरेल्लीनं १७०० साली व्हायोलिनचे जे प्रसिद्ध बारा सोनाटे छापले, त्यांच्या मुखपृष्ठावर साथीसाठी 'व्हिओलोने किंवा हार्पसिकॉर्ड' असं आहे. व्हिओलोने म्हणजे मोठं खर्जाचं तंतुवाद्य. त्यातल्या 'किंवा'वर आजही वादक आणि अभ्यासक वाद घालतात. म्हणजे नुसता एक बास वाजवणाराही पुरायचा का? मधलं काहीच न भरता? की तो दोन-तीन तारांवर गज फिरवून स्वतःच थोडं भरायचा? दोन्ही गोष्टी होत असाव्यात असं दिसतं. मला स्वतःला दोन चेलो आणि थिओर्बो ही जोडणी सगळ्यात भावते. हार्पसिकॉर्ड कधी कधी इतकं टणत्कारतं की खालचा चेलो त्याच्याआड जातो. हे माझं मत, भांडायला या.

दोन चेलोंची मजा वेगळी आहे. व्हायोलिनच्या सोनाट्यात वरचा वर असतो, खालचा खाली, मध्ये भरपूर हवा. इथे दोघांचा गळा एकच. मुख्य चेलो जेव्हा खाली उतरतो तेव्हा तो साथीच्या चेलोच्या अंगणात येतो. कोण कोण आहे ते क्षणभर कळेनासं होतं. एक दुसऱ्याचं वाक्य पूर्ण करतोय की काय असं वाटतं. आणि खाली बसलेल्या माणसाला वरचं सगळं वाजवता येत असतं, बरं का. तेच वाद्य, तेच शिक्षण, बहुधा तोच सोनाटा त्यानं परवा वर बसून वाजवलेला असतो. आज त्याची पाळी खाली आहे. पुढच्या वेळी अदलाबदल. फ्रेंच चेलोवादक जाँ बारिएर, ज्यानं १७३३ पासून चेलोच्या सोनाट्यांची पुस्तकं काढली, त्याचा जी मेजरमधला एक सोनाटा तर हल्ली सर्रास दोन चेलोंची जुगलबंदी म्हणूनच वाजवतात. बासची ओळ इतकी बोलकी आहे की तिला साथ म्हणायला जीभ वळत नाही.

मी साथीदार असल्यामुळे या विषयात थोडी हळवी आहे, मान्य. एका गावातल्या कार्यक्रमाच्या फ्लेक्सवर गायिकेचा फोटो होता, प्रायोजकांचे चार फोटो होते, आणि खाली 'साथसंगत' एवढाच शब्द होता. नाव नाही. तबलजी म्हणाला, जाऊ दे गं, आपण बाय डिफॉल्ट येतो. आम्ही हसलो आणि छान वाजवलंही. पण तुमच्या ॲपवर आत्ता या सोनाट्याचा ट्रॅक उघडा आणि कलाकारांची नावं बघा. मुख्य चेलोवादक असतोच. हार्पसिकॉर्डवाला कधी असतो. खालच्या चेलोचं नाव शोधायला तुम्हाला अल्बमची माहिती उकरावी लागेल. थिओर्बोचं तर विचारूच नका. २०१८ साली ज्याँ-गिएन केरासचा व्हिवाल्डी सोनाट्यांचा अल्बम आला, त्यात थिओर्बोवर ली सांताना, हार्पसिकॉर्डवर मिखाएल बेरिंगर आणि साथीच्या चेलोवर क्रिस्टोफ डांगेल आहेत. मी नावं मुद्दाम घेतेय.

ही न लिहिलेली मधली जागा पुढे जवळजवळ बुजून गेली होती. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात रचनाकार सगळे सूर स्वतः लिहायला लागले, आणि आकड्यांवरून जागच्या जागी वाजवायची कला मागे पडत गेली. मग जुने सोनाटे वाजवायचे कसे? तर संपादकानं मधली जागा पियानोसाठी लिहून काढायची. विसाव्या शतकात व्हेन्साँ द'आँदी या फ्रेंच रचनाकारानं आपला हा ई मायनर सोनाटा घेऊन तंतुवाद्यांच्या समूहासाठी भरला आणि त्याचा चक्क कॉन्चेर्तो केला. १९५५ मध्ये लुइजी दाल्लापिकोला या इटालियन रचनाकारानं सहाही सोनाट्यांची पियानो साथ लिहून काढली. जगभर चेलो शिकणारी मुलं आज हा सोनाटा सुझुकी पद्धतीच्या पाचव्या पुस्तकात पियानोच्या साथीनं शिकतात. म्हणजे बहुतेकांची या रचनेशी ओळख होते ती कुणीतरी आधीच भरून ठेवलेल्या स्वरूपात.

यात वाईट काही नाही. पियानो घरोघरी होता, हार्पसिकॉर्ड नव्हता. ज्यांनी ती साथ लिहिली त्यांनीच हे संगीत जिवंत ठेवलं. पण लिहिलेली साथ दर वेळी तीच राहते. वरच्यानं आज एक सूर जरा जास्त लांबवला तर खालचा त्याला उत्तर देऊ शकत नाही, कारण उत्तर छापून ठेवलंय. आपल्याकडे कुणी लेहऱ्यासारखी गायनाची संपूर्ण साथ आधी रेकॉर्ड करून ठेवली तर कसं होईल, तसं. सूर चुकणार नाही. पण समोरचा माणूस तुम्हाला ऐकतच नाहीये.

गेल्या पन्नासेक वर्षांत जुन्या पद्धतीची वाद्यं आणि आतड्याच्या तारा घेऊन वाजवणाऱ्यांनी ही कला परत शिकून घेतली. जुनी शिकवणीची पुस्तकं उघडून, आकडे वाचून, बोटांना सवय लावून. अनेर बिल्स्मा, क्रिस्तोफ क्वाँ, पीटर विस्पेलवे, डेव्हिड वॉटकिन, या सगळ्यांनी हे सोनाटे रेकॉर्ड केलेत. त्यांच्या दोन आवृत्त्या शेजारी ठेवून ऐकल्यात तर वरची ओळ जवळपास तीच आहे. मधलं सगळं निराळं. एकाकडे ऑर्गन हळूच श्वास घेतोय, दुसऱ्याकडे तारा छेडल्या जातायत, तिसऱ्याकडे मध्येच फक्त दोन चेलो उरतात आणि बाकी सगळे गप्प.

आता ऐकायचं कसं ते सांगते आणि तुम्हाला मोकळं करते.

चार भाग आहेत. लार्गो, अ‍ॅलेग्रो, लार्गो, अ‍ॅलेग्रो. संथ, जलद, संथ, जलद. प्रत्येक भागाचे दोन तुकडे आहेत आणि प्रत्येक तुकडा दोनदा वाजवायचा असतो. काही वादक दुसऱ्यांदा वाजवायचं गाळतात. अशांची रेकॉर्डिंग आज बाजूला ठेवा, कारण आपल्याला ही पुनरावृत्ती हवीय. पहिल्यांदा वरचा चेलो ऐका, मनसोक्त. तोच तुकडा परत सुरू झाला की वरच्याकडे पूर्ण दुर्लक्ष करा आणि खालच्या ओळीला धरून चाला. पहिल्या प्रयत्नात सुटेल हातातून. वरचं गाणं इतकं गोड आहे की कान वर पळतोच. परत ओढून आणा.

दुसऱ्या वेळी वरचा वादकही तेच जसंच्या तसं वाजवत नाही, थोडी नक्षी घालतो, एखादी जागा वळवतो. आणि त्यानं वळवली की मधले लोक काय करतात? सरकतात की थांबतात? बघा.

दुसऱ्या भागात, जलद असल्यामुळे, खालचा चेलोही पळतो. तिथे मी सुचवेन की मधल्या झणत्काराकडे लक्ष द्या. प्रत्येक ठोक्यावर सूर पडतायत की मध्येच जागा सोडलीय? चांगला कॉन्टिन्युओवाला न वाजवलेल्या ठिकाणी ओळखू येतो. चौथा भाग मी चुटकीसरशी सोडून देते, तो तुमचा तुम्हाला आवडेल, त्याला माझी गरज नाही.

तिसरा भाग मात्र थांबून ऐका. तो सिसिलियाना नावाच्या डुलत्या चालीतला आहे. पाळण्यासारखी लय, पण पाळणा जरा जड. एखाद्या दुपारी कुणी घरात नसताना लावून बघा.

हे छापलं गेलं त्या सुमारास व्हिवाल्डी साठी ओलांडून गेला होता. व्हेनिसमधल्या पिएता या अनाथ मुलींच्या संस्थेत त्यानं १७०३ पासून, मध्ये खंड पडत, वर्षानुवर्षं शिकवलं आणि लिहिलं. तिथल्या मुली पडद्यासारख्या जाळीमागून वाजवायच्या आणि कित्येकींना आडनावाच्या जागी वाद्याचं नाव होतं, अ‍ॅना मारिया दाल व्हायोलिन, असं. म्हणजे व्हायोलिनवाली अ‍ॅना मारिया. १७४० पर्यंत व्हेनिसला त्याचं संगीत जुनं वाटायला लागलं होतं. तो शहर सोडून व्हिएन्नाला गेला. ज्या सम्राटाकडून आशा असावी तो सहावा चार्ल्स त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वारला. २८ जुलै १७४१ ला व्हिवाल्डीही व्हिएन्नातच गेला आणि त्याच दिवशी अगदी साध्या, स्वस्तातल्या विधीनं त्याला पुरलं. पुढची जवळजवळ पावणेदोनशे वर्षं त्याचं नाव फक्त अभ्यासकांच्या तळटीपांत राहिलं. तेव्हा पॅरिसच्या दुकानात या सोनाट्यांच्या प्रती कदाचित विकल्या जात असतील, आणि कुठल्यातरी खोलीत दोन चेलोवादक एकाच स्टँडवर तो दोन ओळींचा कागद ठेवून, आज वर कोण बसणार हे ठरवत असतील.

आता मी गप्प बसते. तिसरा भाग पूर्ण लावतेय, दोन्ही पुनरावृत्त्यांसह. हेडफोन काढू नका. पहिल्या वेळी वर, दुसऱ्या वेळी खाली. आणि खालच्या चेलोनं एखाद्या ठिकाणी तुम्हाला थांबवलंच, तर कितव्या मिनिटाला ते मला लिहून पाठवा. माझी एक जागा ठरलेली आहे, पण ती मी आत्ता सांगणार नाही.

(इथे तिसरा भाग, लार्गो, पूर्ण वाजतो.)